शर्करामापनाचा खरा काटा

गादीवर बसून दिवस काढणाऱ्या आम्हा व्यापारी मंडळींच्या घरी मधुमेह हा आता पाहुणा राहिलेला नाही. तो घरचाच झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विद्यमाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशातील मधुमेही माणसांची संख्या १० कोटी १० लाख अंदाजिली असून राज्यांमध्ये गोव्याचा क्रमांक पहिला लागला आहे. तेथे प्रौढांपैकी दर शंभरी २६ हून अधिक माणसे मधुमेही आढळली. मडगाव-म्हापशाच्या आमच्या सभासदांना हा पहिला क्रमांक मिरवावासा वाटणार नाही. पण बेळगाव-निपाणीकडील सभासदांनीही आपले नाव यादीत खाली आहे म्हणून निश्चिंत राहू नये. बैठे काम, तुपाचा सढळ हात आणि दुकान वाढविल्यानंतरचे उशिराचे भोजन हे सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखेच आहे.

अशा स्थितीत रक्तातील साखर मोजण्याचे साधन ही चैनीची वस्तू राहत नाही, तराजूइतकी नित्याची गरज होते. आणि गोष्ट तराजूची निघाली की तो खरा की खोटा, हे व्यापाऱ्याने विचारलेच पाहिजे. आज हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण असे की, मनगटावर बांधताच रक्तातील साखर दाखविते, सुई नको, रक्त नको, पट्टी नको, अशी ग्वाही देणारी घड्याळे व अंगठ्या गेली काही वर्षे बाजारात मिळू लागल्या आहेत. त्या पाठीमागून हिरवा किंवा लाल उजेड टाकतात आणि क्षणार्धात आकडा दाखवितात. मोबाइलच्या व विजेच्या सामानाच्या दुकानांत त्या काचेखाली मांडलेल्या दिसतात. अशी दुकाने आपल्याही काही सभासदांची आहेत, आणि म्हणूनच ही गोष्ट आम्ही इतर कोठे न लिहिता आपल्या स्मरणिकेत लिहीत आहोत.

अशा घड्याळावर चांगल्या शहाण्या माणसांचा विश्वास का बसतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यांना भोळे म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. २०२० च्या महामारीत घरोघरी बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आले. बोटातून उजेड गेला आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण समोर आले, हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले, आणि ते खरेही होते. मग प्राणवायू उजेडाने मोजता येतो तर साखर का येऊ नये? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर व्यापाऱ्याला कळेल अशा भाषेत देता येते.

रक्तातील प्राणवायू वाहतो तो हिमोग्लोबिन नावाच्या द्रव्यावर. त्याला रंग आहे, आणि प्राणवायू मिळताच व निघून जाताच तो रंग बदलतो. शिवाय ते रक्तात विपुल असते. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात दीडशे ग्रॅमच्या आसपास. साखरेची गोष्ट अगदी उलटी आहे. उपाशीपोटी साखर १०० आली, असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ एक लिटर रक्तात अवघा एक ग्रॅम ग्लुकोज. अंगात पाच लिटर रक्त धरले तरी सारी मिळून साखर पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तिला रंग नाही. दृष्टीला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ती थोडीशी ओळख देते, पण तेथेच पाणी, चरबी आणि प्रथिने यांचा इतका गलबला असतो की तिचा आवाज त्यात बुडून जातो. त्वचेचा वर्ण, जाडी, घाम, उष्णता, मनगटावरचा दाब, यांतील कोणत्याही फरकाने होणारा बदल साखरेच्या बदलाहून मोठा ठरू शकतो. पोत्याच्या काट्यावर केशराची काडी तोलावी, तसा हा प्रकार आहे. घड्याळाचा हिरवा उजेड नाडीचे ठोके मोजतो, ते काम तो ठीक करतो. साखरेचा आकडा मात्र त्याने मोजलेला नसतो.

मग प्रकाशाने साखर मोजता येतच नाही काय? येते. परंतु ती कशी येते, हे पाहिले म्हणजे खरा माल आणि नकली माल यांतील अंतर आपोआप उघडे पडते.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातील जर्मनटाउन येथे सेन्सिऑनिक्स नावाची कंपनी आहे. तिने 'एव्हरसेन्स' नावाचा संवेदक बनविला आहे. लांबी सुमारे १८ मिलिमीटर, जाडी साडेतीन मिलिमीटर. औषधाची एखादी कॅप्सूल डोळ्यांपुढे आणावी. प्रशिक्षित डॉक्टर दंडाच्या वरच्या भागी जागा बधिर करतात, त्वचेला बारीकशी चीर देतात आणि ही नळी त्वचेखाली ठेवतात. मुदत संपली की तशीच चीर देऊन ती बाहेर काढावी लागते. म्हणजे प्रकाश बाहेरून आत शिरण्याची धडपड करीत नाही. दिवाच आत नेऊन ठेवलेला आहे.

पण नुसता दिवा आत नेऊन भागले नसते, कारण साखरेला रंग नाही ही अडचण आतही तशीच राहते. म्हणून नळीच्या बाहेरील अंगास एका विशिष्ट बहुवारिकाचा लेप असतो, आणि त्यात बोरॉनिक आम्लाच्या जातीचे संयुग गुंफलेले असते. या संयुगाचा स्वभाव असा की ते ग्लुकोजच्या रेणूला धरते आणि सोडतेही. भोवतालच्या द्रवात साखर वाढली की अधिक रेणू धरले जातात, कमी झाली की ते सुटतात. आतील दिव्याचा अतिनील प्रकाश पडला असता ज्या संयुगाने ग्लुकोज धरलेले आहे ते अधिक उजळते, म्हणजे प्रतिदीप्त होते. आणि तो उजाळा शेजारचे प्रकाशग्राहक टिपतात. जितकी साखर अधिक, तितका उजाळा अधिक. साखरेला रंग नव्हता, तो असा उसना दिलेला आहे. बोरॉनिक आम्ल आणि शर्करा यांच्या या आकर्षणाचा मापनासाठी उपयोग कसा करावा, यावर जपानात सैजी शिंकाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात फार मोलाचे काम केले.

दंडाच्या वर, बरोबर त्या नळीवर, एक चपटा प्रेषक चिकटपट्टीने लावावयाचा असतो. नळीस लागणारी शक्ती तोच बाहेरून चुंबकीय प्रवर्तनाने पुरवितो, दर पाच मिनिटांनी वाचन घेतो आणि मोबाइलकडे धाडतो. साखर फार उतरली वा चढली तर तो अंगावरच थरथरून सूचना देतो. मोबाइल उशाशी नसला तरी चालते. झोपेत साखर उतरण्याची भीती ज्यांना आहे त्यांना या थरथरण्याचे मोल सांगावयास नको.

दंडावर चिकटवावयाचे जे दुसरे संवेदक आपल्याकडेही आता पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहेत, ते निराळ्या तत्त्वावर चालतात. त्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते, आणि साखरेशी त्याची क्रिया होऊन निर्माण होणारा विद्युत्प्रवाह मोजला जातो. ही कल्पना १९६२ साली लीलंड क्लार्क यांनी मांडलेल्या विकर-विद्युदग्रापासून चालत आली आहे. त्यांची सूक्ष्म तार त्वचेत शिरलेली असते आणि दहा-पंधरा दिवसांत संवेदक बदलावा लागतो. प्रकाशाच्या संवेदकाचा फायदा हा, की त्यात विकर नाही, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. पण ही मुदतसुद्धा एका उडीत मिळालेली नाही. यूरोपात २०१६ साली त्यास मान्यता मिळाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ९० दिवसांच्या, फेब्रुवारी २०२२ मध्ये १८० दिवसांच्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ३६५ दिवसांच्या संवेदकास परवानगी दिली. नव्वद दिवसांचे वर्ष होण्यास सहा वर्षे लागली! शरीर परक्या वस्तूला सुखासुखी राहू देत नाही, तिच्याभोवती दाह उत्पन्न करते. म्हणून नळीला डेक्सामेथासोन या औषधाचे एक कडे बसविलेले असते, ते हळूहळू पाझरून दाह शमवीत राहते. लेपातील संयुगही काळाने झिजते, त्याचाही बंदोबस्त करावा लागला.

आणि इतके सारे करूनही ही कंपनी काय म्हणते ते पाहावे. ती म्हणते की अधूनमधून बोटातून रक्त काढून पट्टीवर तपासा आणि तो आकडा यंत्राला सांगा. पूर्वीच्या संवेदकास हे दररोज करावे लागे; वर्षभराच्या संवेदकास पहिल्या काही दिवसांनंतर आठवड्यातून एकदा पुरते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, तराजूचा पासंग काढून घ्यावयाचा. शिवाय टेट्रासायक्लीन जातीची प्रतिजैविके चालू असता आकडा चुकू शकतो, हे ती लेखी सांगते. रुग्णांवरील चाचण्यांत प्रयोगशाळेतील मापनाशी ताडून पाहता सरासरी फरक साडेआठ-नऊ टक्क्यांच्या आसपास निघाला, हेही ती छापते. मोजणी रक्ताची नव्हे, पेशींभोवतालच्या द्रवाची असल्यामुळे साखर झपाट्याने बदलत असता आकडा काही मिनिटे मागे राहतो, हेही लपविलेले नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्यास परवानगी नाही.

जो खरा काटा आहे तो आपला पासंग स्वतः सांगतो. मनगटावरील घड्याळाच्या पेटीवर पासंगाचा एक शब्द कोणी दाखवावा. बारीक अक्षरात एकच वाक्य बहुधा सापडते: वैद्यकीय उपयोगासाठी नाही. मग पेटीच्या दर्शनी भागावर रक्ताच्या थेंबाचे चित्र कशासाठी?

एक गोष्ट येथे न्यायाने सांगितली पाहिजे. एव्हरसेन्ससारखे खरे काम करणाऱ्यांनाही बाजाराने सुखात ठेवले असे नाही. मार्च २०२० मध्ये या कंपनीला भांडवलाच्या ओढीमुळे अमेरिकेत नव्या रुग्णांना विक्री थांबवावी लागली आणि निम्म्याहून अधिक नोकरवर्ग कमी करावा लागला; पुढे दुसऱ्या मोठ्या कंपनीशी वितरणाचा करार करून ती सावरली. खरा माल बनविण्यास वर्षे लागतात, पैसा लागतो आणि दिवाळे निघण्याची भीती सदैव असते. नकली माल बनविण्यास एक साधी घड्याळाची चकती आणि आकडे दाखविणारे थोडे गणित पुरते. या दोहोंची किंमत ग्राहकापुढे शेजारी शेजारी मांडली तर ग्राहक कोणती उचलील, हे आम्ही सांगावयास नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने जाहीर सूचना काढली की त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळास वा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाही, आणि लोकांनी ती वापरू नयेत. येथे गफलत होऊ नये म्हणून सांगतो: दंडातील वा दंडावरील खऱ्या संवेदकाचा आकडा जे घड्याळ केवळ दाखविते, त्याविषयी ही तक्रार नाही. ते बिचारे निरोप्याचे काम करते. न टोचता साखर मोजण्याचे प्रामाणिक संशोधन जगात अनेक ठिकाणी चालू आहे, ते उद्या फळासही येईल. ते आले की आम्हीच त्याचे स्वागत करू. पण उद्याच्या मालाची हुंडी आज रोखीत वटविणे याला व्यापार म्हणत नाहीत.

कोणी म्हणेल, आकडा थोडा चुकला तर काय बिघडले, काहीच नसण्यापेक्षा बरे. आमचे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. आकडा नसला तर माणूस सावध राहतो. खोटा आकडा त्याची सावधगिरी काढून घेतो. आपल्याच घरांतील उदाहरण घेऊ. पर्युषणात वा दशलक्षणात घरातील वडील मंडळी उपवास करतात, चौविहाराचे तर कित्येकांना नित्याचे व्रत असते, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. यांपैकी जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा इन्सुलिन वाढविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्या पोटात अन्न नसता औषधाचे काम मात्र चालूच राहते. रक्तातील साखर ७० च्या खाली उतरली की घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. त्याहून उतरली तर शुद्ध हरपते, आणि प्रसंगी प्राणावर बेतते. अशा वेळी आजोबांनी वा आजींनी मनगटाकडे पाहावे आणि घड्याळाने ११० दाखवावेत! घरची माणसेही म्हणणार, साखर ठीक आहे, थकवा असेल, पडून राहा. त्या ११० ने जे अनर्थ होईल त्याची जोखीम कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

व्रत कोणी करावे, कसे करावे, हा आमच्या अधिकाराचा विषय नाही. तो ज्याचा त्याने आपल्या गुरुमहाराजांच्या आज्ञेने ठरवावा. एवढेच म्हणतो की व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे, त्या दिवसांत बोटातील रक्ताने पट्टीवर तपासणी करावी, आणि इन्सुलिन घेणाऱ्यास परवडत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने खरा संवेदक लावावा. पट्टीला लागणारा रक्ताचा थेंब कित्येकांना, विशेषतः जुन्या माणसांना, नकोसा वाटतो, हे आम्ही जाणतो. न टोचणारे घड्याळ त्यांना आवडते याचे एक कारण तेच आहे.

आता दुकानदार म्हणून आपली बाजू. १ एप्रिल २०२० पासून रोगनिदानासाठी उद्देशिलेली सर्व उपकरणे आपल्या देशात औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्याहून जवळचा आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात केवळ उत्पादकाची नव्हे, विक्रेत्याचीही जबाबदारी सांगितली आहे. मालाचा उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याला नोटीस पोहोचविता येत नसेल, तर अपायाची भरपाई विकणाऱ्याकडून मागता येते. उत्पादकाने दिली नाही अशी हमी विक्रेत्याने आपल्या तोंडाने दिली आणि ती खोटी ठरली, तरीही तो बांधला जातो. उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोहोचविली नाही, तरीही. आता विचार करावा : ज्या घड्याळावर बनविणाऱ्याचा धड पत्ता नाही, ज्याच्या बारीक अक्षरात वैद्यकीय उपयोगास मनाई आहे, ते आपला विक्रेता 'साखर अगदी बरोबर दाखविते, काका' असे म्हणून विकतो. तिन्ही दोष एकाच विक्रीत पदरात पडले.

पण कायद्याचे भय दाखवून आपल्या मंडळींना वळवावे लागावे, हे आम्हास रुचत नाही. अचौर्याणुव्रताचे जे अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकले, त्यांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन आहेत. पहिला खोट्या मापाचा आणि दुसरा नकली मालाचा. हे घड्याळ दोन्हींत बसते. धान्याच्या खोट्या मापाने गिऱ्हाइकाची पायली बुडते. या मापाने काय बुडेल ते वर आलेच आहे.

आमच्या मंडळींकडून एक उत्तर ठरलेले येते : आम्ही विकले नाही तर शेजारचा विकील, नाहीतर ग्राहक मोबाइलवरून घरी मागवील. विकील खरा. पण ज्या पेठेत ओळखीवर उधारी चालते, तेथे ग्राहक घड्याळ नव्हे, दुकानदाराचा शब्द विकत घेतो. मोबाइलवरून मागविलेल्या वस्तूवर त्याचा निम्मा विश्वास असतो. ओळखीच्या शेठजींनी हातात दिलेल्या वस्तूवर पुरा. आपल्या काउंटरवरून गेलेले घड्याळ म्हणूनच अधिक घातक आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी विकण्यापूर्वी साधी परीक्षा करावी. दोन घड्याळे दोन मनगटांवर बांधावीत, तिसरा आकडा पट्टीवर घ्यावा, मग पोटभर जेवून तासाभराने तिन्ही पुन्हा पाहावेत. खर्च पट्ट्यांपुरता.

आपल्या संस्थेने वार्षिक आरोग्य शिबिरात अशा कोणत्याही घड्याळाची भेट वा देणगी स्वीकारू नये, अशी आमची सूचना आहे. देणगीदारांची इच्छाच असेल तर तितक्याच रकमेत पट्ट्या घ्याव्यात, आणि बाजारातील हमाल, दिवाणजी, गाडीवान यांच्या घरी इन्सुलिनवर असलेले जे कोणी असेल त्याला वर्षभर पुरवाव्यात. वर्षभर दंडात राहणारा संवेदक देणगीत देण्याची घाई मात्र करू नये. तो घालावयास आणि काढावयास जाणता हात लागतो, आणि तो हात जवळच्या गावी आहे की नाही हे पाहिल्यावाचून वस्तू देणे म्हणजे काढण्याची चिंता घेणाऱ्याच्या गळ्यात बांधणे होय.

राहता राहिला शिल्लक मालाचा प्रश्न, आणि तो निघणारच. पेटीवरील साखरेचा उल्लेख कागद चिकटवून झाकला आणि नुसते घड्याळ म्हणून विकले तर चालेल काय? चालणार नाही. कागद पेटीवर चिकटतो, आतला आकडा दिसतच राहतो. ग्राहक घरी जाऊन तो पाहणार आणि त्यावर गोळी ठरविणार. माल ठोक व्यापाऱ्याकडे परत पाठवावा. त्याने घेतला नाही तर घड्याळांच्या खात्यावर तेवढी घट लिहावी आणि पुढची मागणी नोंदविताना त्या जातीसमोर शून्य मांडावे.